बिनकिड्यांच्या बरण्या

श्रुतिकाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. चार वाजता माधुरी मॅडमच्या समितीपुढे निष्कर्ष मांडायचा होता. तो पटला तरच पीएचडीला सहा महिन्यांची मुदतवाढ, नाहीतर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. निष्कर्ष झकास होता, तरी ती दर पाच मिनिटांनी उठून त्या सहा बरण्यांपाशी जाऊन येत होती.

बरण्यांत कांजूरमार्गच्या खाडीतला चिखल होता. त्यात प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जिवांची, अंडी वर्षानुवर्षं झोपून राहतात. वर आली, हवा मिळाली, की फुटतात. त्याच चिखलात गांडुळासारखे किडे राहतात. ते या अंड्यांचं भलं करतात की वाटोळं, एवढाच तिचा प्रश्न. तीन बरण्यांत तिने मोजून चार-चार किडे सोडले होते, तीन बिनकिड्यांच्या ठेवल्या होत्या. पिल्लं दुपटीहून जास्त निघाली ती बिनकिड्यांच्या बरण्यांत. म्हणजे किडे अंडी गिळतात नाहीतर खोल गाडतात. उत्तर सरळ होतं, आणि हेच तिला सारखं टोचत होतं.

बाराच्या सुमारास तिने पाच नंबरची बरणी उजेडात धरली. बिनकिड्यांच्या चिखलात, काचेला लागून, एक बारीक बीळ होतं. बिळात काहीतरी वळवळलं.

"सहदेवकाका! ऑगस्टमध्ये चिखल चाळलात, तेव्हा चाळणीवरचे किडे कुठे टाकलेत?"

सहदेवकाका प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, मालवणकडचे. त्यांनी आधी बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू स्पिरिटात टाकूक सांगितलंस. पण श्रावण होतो गो. जित्या जिवाक कसो मारू? जेच्यात कोण नाय, तेच्यात सोडलंय."

ज्यात कोणी नाही, त्यात! म्हणजे नेमक्या त्याच तीन.

"वाट लावलीत ना काका माझी!"

काकांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "ओतून टाकतंय. कोणाक कळाचा नाय."

खरंच कुणाला कळलं नसतं. श्रुतिका बेसिनपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून बेसिनपर्यंत फेऱ्या मारत राहिली. शेवटी तिने चाळणी उचलली आणि तिन्ही बरण्या स्वतः चाळल्या. सतरा, एकोणीस, सोळा. किडे जास्त तिथेच पिल्लं जास्त. हे प्राणी अंडी गाडत नव्हते, चिखल उकरून वर आणत असावेत. तिचं उत्तर नुसतं चुकलं नव्हतं, उलटं होतं. आणि तेही सिद्ध करायला आता एकही बिनकिड्यांची बरणी उरली नव्हती.

चार वाजता ती समितीपुढे उभी राहिली. "बिनकिड्यांच्या बरण्यांत किडे होते, मॅडम. निष्कर्ष मागे घेते."

मॅडमनी चष्मा काढला. "कुणी टाकले?"

दारात काका चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"बरण्या माझ्या होत्या," श्रुतिका म्हणाली. "बंद करण्याआधी मी तपासायला हव्या होत्या."

मुदत तीनच महिने वाढली, प्रयोग नव्याने करण्यापुरती.

सोमवारी नवा चिखल आला. काकांनी तो चाळला, चाळणीवरचे किडे तिच्यासमोर धरले आणि स्पिरिटच्या बाटलीकडे हात नेला. श्रुतिकाने पायाने खाडीच्या पाण्याची बादली पुढे सरकवली.

"यात टाका. संध्याकाळी खाडीत सोडून येऊ."

"आता श्रावण नाय गो," काका म्हणाले.

"नसू दे."