हिरव्या शाईची वही

बोलायला मनाई असलेल्या जागेत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे आता एकदा सुरू झाले की मला आवरणं कठीण. मी एक वही. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, जपानातल्या मोरिओका गावच्या एका जॅझ कॉफीघरातली.

शाळेच्या पोरानं घेतलं असतं तर गणितं सोसली असती. पण मला उचललं सुमिएनं, कॉफीघराच्या मालकाच्या मुलीनं. मालकाचं नाव कुरामोची. त्यांना सगळे मास्टर म्हणतात. त्यांचा नियम असा, की रेकॉर्ड सुरू झाली की तोंड बंद. कॉफी मागायची तीसुद्धा बोट दाखवून. एक गिऱ्हाईक मोठ्यानं शिंकलं तेव्हा मास्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा पुन्हा फिरकला नाही. ज्याला काही म्हणायचंच असेल त्यानं लिहावं, म्हणून मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर मास्टरांची ताकीद होती: पान फाडू नये.

तोंड बंद केलेला माणूस काय लिहितो ते मला विचारा. कोणाचं कौतुक करायला कोणी लेखणी उचलत नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त अत्याचार केले ते तोदोरोकीनं. हा गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवायचा. दुपारी काम आटोपून यायचा आणि हिरव्या शाईनं जगावर तोंडसुख घ्यायचा.

‘आज एक सिनेमा पाहिला. नायक तीन तास समुद्राकडे बघतो. मी घड्याळाकडे बघत होतो. घड्याळाचा अभिनय बरा होता.’

‘सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी वाचली. लेखकाला आपल्या आईची कीव येते. मला त्याच्या प्रकाशकाची आली.’

‘या ड्रमवाल्याला कोणीतरी सांगा, भांडी घासायची वेळ अजून झालेली नाही.’

आणि दर महिन्याला न चुकता हे: ‘जपानी माणसाचं जॅझ म्हणजे खानावळीच्या काचेमागे नमुन्याला मांडलेली मेणाची नूडल्स. दिसायला हुबेहूब, पण खाऊन दाखवा.’

त्याच्याखाली एकदा कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, ‘कवळीवाल्यानं नकलेला नावं ठेवू नयेत.’ ते कोणी लिहिलं हे शोधण्यात तोदोरोकीचे दोन महिने गेले. माझे बरे गेले.

मास्टर मात्र ती नूडल्सची ओळ वाचून मान डोलवायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही, कारण त्यामागचं दुखणं मला ठाऊक होतं. मी नवी कोरी असताना त्यांचा मुलगा तेत्सुरो माझ्यासमोर घर सोडून गेला होता. तो सॅक्सोफोन वाजवायचा.

“दुसऱ्यांचा उष्टा श्वास फुंकून तू कोण होणार आहेस?” मास्टर म्हणाले होते.

“जन्मभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डी पुसत बसणाऱ्यापेक्षा कोणीतरी बरा होईन,” तेत्सुरो म्हणाला आणि तोक्योची गाडी धरली. चार वर्षं त्या घरात त्याचं नाव निघालं नाही. सुमिए तेवढी गुपचूप पत्रं लिहायची.

यंदाच्या शरदात त्याची पहिली रेकॉर्ड टपालानं आली. मास्टरांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि पाकीट न फोडता काउंटरखाली कॉफीच्या पोत्यामागे सारलं.

“बाबा, एकदा ऐका तरी,” सुमिए म्हणाली.

“इथं जागा नाही.”

“दोन हजार रेकॉर्डींना आहे, हिला नाही?”

“नाही.”

सुमिएचा जीव का तुटत होता ते सांगते. मास्टरांचा उजवा कान वर्षापूर्वीच गेला होता. डाव्याचंही काही खरं नाही, फार तर वसंतापर्यंत, असं डॉक्टर म्हणाले होते. बापाच्या कानाचे दरवाजे बंद व्हायच्या आत भावाचा सूर आत जावा, एवढंच तिला हवं होतं. पण म्हातारा असा हेकट, की मुलाचं नाव दिसलं असतं तर सुई उचलून ठेवली असती.

आमच्याकडे रेकॉर्ड लागली की तिचं कव्हर काउंटरवरच्या लाकडी घोडीवर उभं करतात, म्हणजे कोण वाजवतंय हे विचारायला तोंड उघडावं लागत नाही. एका रविवारी दुपारी सुमिएनं घोडीवर एका नामांकित अमेरिकन वादकाचं कव्हर ठेवलं आणि तबकडी लावली तेत्सुरोची. मास्टर पाठमोरे कप विसळत होते.

तोदोरोकीची एक खोड सांगायची राहिली. तो आधी कव्हर बघायचा, मग पेनाचं टोपण काढायचा, आणि सुई टेकायच्या आत त्याचं मत तयार असायचं. त्या दिवशीही तसंच झालं. अडीच पानं लिहिली त्यानं, माझ्या अंगात नीब रुतवून. ‘असा दम त्या मातीत जन्मलेल्यालाच लाभतो. आपल्या पोरांनी हे शंभरदा ऐकावं आणि आपापली वाद्यं विकून टाकावीत.’

तिकडे मास्टरांनी नळ बंद केला होता. साबणाचे हात तसेच ठेवून ते वळले, डावा कान लाउडस्पीकरकडे केला आणि ती बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. सुमिए त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मीही बघत होते. त्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

संगीत थांबलं. मास्टरांनी हात पुसले, खाली वाकून पोत्यामागचं, सुमिएनं फोडलेलं पाकीट ओढलं, त्यातलं कव्हर काढलं आणि घोडीवर उभं केलं. त्यावर तेत्सुरो होता. हडकलेला, दाढी धड न केलेला.

तोदोरोकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मला ओढलं आणि ती अडीच पानं टरकन फाडली. ज्यानं कधी कोणाची चूक माफ केली नाही, त्याला स्वतःची एक चूक पाहवली नाही. माझा त्या माणसावर राग आहे आणि तो जाणार नाही.

“पानं ठेवा,” मास्टर म्हणाले. कॉफीघरात गिऱ्हाइकाशी मोठ्यानं बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“तुमच्या मुलीनं मला फसवलं.”

“फसवलं ते कव्हरनं. कान तर तुमचेच होते ना?”

“तुम्हीच म्हणायचात की ही पोरं नक्कल करतात.”

“म्हणायचो. मी गाढव होतो. तुम्ही अजून आहात. पानं ठेवा आणि चालू लागा.”

तो गेला, तो कायमचा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

सुमिएनं चुरगळलेल्या पानांवर इस्त्री फिरवली आणि खळ लावून ती जागच्या जागी चिकटवली. तेव्हापासून माझी पाठ फुगलेली आहे. मग मास्टर माझ्यासमोर बसले. ताकीद लिहिल्यापासून चार वर्षांत त्यांनी माझ्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता लिहिलं:

‘दुसरं गाणं घाईत वाजवलं आहेस. दम संपायच्या भीतीनं सूर आधीच सोडतोस, ही तुझी लहानपणची खोड. रेकॉर्डवरून समजावता येणार नाही. समोर उभा राहून वाजव.’

बस्स, एवढंच. खाली सुमिएनं बारीक अक्षरांत कानाचं लिहिलं आणि मला टपालात टाकलं.

तोक्योतल्या त्या एवढ्याशा खोलीत तेत्सुरोनं हिरवी अडीच पानं वाचली आणि हसला. मग बापाची ओळ वाचली आणि मला भिंतीवर भिरकावलं. “म्हातारा सुधारायचा नाही,” म्हणाला. त्यानं दुसरं गाणं लावलं. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी स्वतःशीच म्हणाला, “घाईतच आहे की.” मग कोपऱ्यात पडलेल्या मला त्यानं उचललं. बापाच्या मजकुराखालचं सुमिएचं बारीक अक्षर त्यानं तेव्हा कुठे वाचलं.

आता मी त्याच्या पिशवीत आहे, सॅक्सोफोनच्या पेटीला टेकून. गाडीत आठ तास तो मास्टरांना द्यायची उत्तरं पुटपुटत होता. एकाहून एक झोंबरी होती, मला पसंत पडली. पण कॉफीघरासमोर आल्यावर सगळी विसरला असावा. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा आहे. आत कुठली तरी रेकॉर्ड चालू आहे आणि तिचा आवाज, मला आठवतो त्याहून कितीतरी मोठा ठेवलाय.

तेत्सुरो, आत जा बाबा. तो तुझे वाभाडे काढणार आहे. काढू दे. ऐकू येतंय तोवरच काढता येतील त्याला.