उलट्या पेटीतली गारगोटी

मी गारगोटी बोलतेय. लिंबाएवढी, पांढरी आणि स्वभावाने तिखट. कुणाचं उगाच ऐकून घ्यायची सवय मला नाही.

माझा जन्म डोंगरात झाला. तो एक नंबरचा आडदांड. मागून रेटा आला की शेजारच्या सपाट जमिनीच्या उरावर चढायचा. त्याच्या वजनाने ती खचायची आणि त्या खळग्यात नदी गाळ आणून ओतायची. डोंगर लांब होता तोवर तिथे नुसती बारीक माती पोचायची. तो जवळ सरकला, उतार वाढला, तशी नदीला ताकद आली आणि तिने आम्हा गोट्यांना फरफटत आणलं. म्हणून खाली माती, वर गोटे.

पुढे तिथेच दवाखाना बांधायचं ठरलं. जमिनीत नळी घालून आम्हाला वर काढलं, लांबट पेटीत मांडलं. पेटी बघून दवाखाना बांधणारे साहेब खूश.

"वर माती, खाली गोटे. म्हणजे नदी मवाळ झाली, डोंगर थांबला. पाया खणायला घ्या."

साफ खोटं. मी आतल्या आत जळफळले.

जमीन तपासायला आलेल्या भूगर्भाच्या बाई मात्र पेटीवर वाकल्या. "पुरात जड गोटे आधी बसतात, वाळू नंतर. इथे एकेका पुराच्या थरात गोटे वाळूच्या डोक्यावर कसे? मामा, पेटी कशी भरलीत?"

"नळीतून आधी निघालं ते वर ठेवलं," नळीवाले मामा म्हणाले.

"अहो, नळी खालच्या तोंडाने रिकामी होते, आधी निघतं ते खालचं टोक. म्हणजे पेटी उलटी भरलीत; खरे गोटे वर आहेत, डोंगर जवळ आलाय."

मामांनी जीभ चावली. "आम्ही पाण्याच्या बोअरवाले, मॅडम. माती जपून ठेवतो कुठे?"

साहेबांचा चेहरा उतरला, हट्ट नाही. "आला असेल डोंगर कधीकाळी. आता झोपलाय."

"तो सरकला की जमीन हादरते. कधी आला ते आधी शोधू. तोवर तिथे एक खाटही ठेवू देणार नाही. उद्या त्या खाटेवर माझी आई असली तर?"

मी किती काळ गाडलेली होते, म्हणजे डोंगर कधी आला, ते माझी भुकटी करून तपासल्यावरच कळणार. बाईंनी मला निवडलं, धुतलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

आता मी प्रयोगशाळेत लोखंडी खलाशेजारी बसलेय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण डोंगराने ढकललं, नदीने आपटलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज मी आपणहून जातेय. माझा हिशोब लागेपर्यंत तेवढा पाया थांबवा, बस्स.

चला बाई, घाला घाव.