रविवारची मावशी

मेल्विनची आई तेरेझा त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलू लागली ती २००७च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी. तो मीरा रोडहून उत्तनला आला होता, ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती, आणि त्याला पाहून नेहमीसारखे "आयलास?" असे न म्हणता तिने विचारले, "तू आलास? प्रवास सुखाचा झाला ना?"

मेल्विन हसला. विनोद लिहून पोट भरणाऱ्या माणसाला वाटले, आई आज गंमत करते आहे.

"आये, कुनी शिकवलं तुला ह्ये?"

"कोणीही नाही. चहा घेणार आहेस का?"

ती गंमत करत नव्हती. ही भाषा तिने कुठून आणली हेही त्याला लगेच कळले. तेरेझा चौथीपर्यंत शिकली होती. पुस्तकी मराठी तिच्या कानांवर पडे ती चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेत आणि प्रार्थनापुस्तकात. त्यामुळे ती मुलाशी आता जवळपास देवाशी बोलतात तशी बोलत होती: आदराने, जपून, आणि उत्तराची फारशी अपेक्षा न ठेवता.

याच किनाऱ्यावर मेल्विन विनोद शिकला होता. ओल्या बोंबलांच्या राशीभोवती बायका बसत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंना बांधलेल्या दोरीवर टाकायची. पुन्हा दोन, पुन्हा दोरी. शाळेतून आल्यावर मेल्विन त्यांच्यात बसून जोड्या लावी आणि फादरांची, मास्तरांची, डोंगरीच्या दुकानदाराची नक्कल करी. बायका हसत, पण त्या हसण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला लवकर समजले. कोळणी चांगल्या स्वभावाच्या असतात, पोराचे मन राखायला हसतात. खरी खूण हातांची होती. हात चालू राहिले तर नक्कल बेताची. हात थांबले, बोंबील बोटांतच राहिला, तर विनोद झाला. हास्यरसाची मीमांसा करणाऱ्या जाडजूड ग्रंथांतून याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे. एक तर ते लिहिणाऱ्यांच्या हातांना दुसरे काही काम नसे.

पुढे तो भाईंदर पश्चिमेला एका कुरिअरच्या कचेरीत कारकून झाला. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधली पाच मिनिटे भरून काढी. गायिका पाणी पिऊन येईपर्यंत लोकांना खुर्चीत बसवून ठेवणे, एवढीच त्या कलेची व्याख्या होती. तिथून दूरचित्रवाणी. सहा वर्षे त्याने इतरांसाठी विनोद लिहिले. नवरा-बायकोंचे, जावई-सासऱ्यांचे, घरमालक-भाडेकरूंचे. नाव कुठेच नसे. मग २००६च्या पावसाळ्यात विनोदाच्या एका स्पर्धेतला स्पर्धक ऐन वेळी आजारी पडला आणि कार्यक्रमाचा दिग्दर्शक स्वप्नील म्हणाला, "मेल्विन, तूच उभा राहा यार. काहीतरी तुझ्याकडचं कर. गावाकडचं, फ्लेवरवालं."

मेल्विनने लुगडे नेसले, डोक्यावर टोपली घेतली आणि आईसारखे बोलू लागला.

ती 'उत्तनची मावशी' रविवार संध्याकाळी आठ वाजता महाराष्ट्राच्या घराघरांत शिरली. गिऱ्हाइकाने भाव पाडला, सुनेने उलट उत्तर दिले, पोलिसाने शिट्टी मारली, की मावशी टोपली खाली आपटे, कंबरेवर हात ठेवी आणि म्हणे, "हाय तं हाय, न्हाय तं न्हाय!" तीन महिन्यांत ते वाक्य रिक्षांच्या पाठीवर रंगवलेले दिसू लागले. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये त्याच्या इमारतीचा गुजराती सेक्रेटरी पाण्याच्या टँकरविषयी विचारले तर तेच उत्तर देई आणि स्वतःच हसे. एका साहित्यिक पुरवणीत बोलीच्या पुनरुज्जीवनावर लेख आला. लेखकाने मेल्विनचे अभिनंदन केले होते. मरणपंथाला लागलेला एक शब्दसाठा त्याने जिवंत ठेवला होता म्हणे.

त्याच आठवड्यात तेरेझाने लिहायची पाटी विकत घेतली.

हे मेल्विनला कळले ते भाईंदरच्या बाजारात, ती मासे विकायला बसे तिथे. आईच्या पुस्तकी मराठीने अस्वस्थ होऊन तो दोन दिवसांनी तिथे गेला, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या आशाबाईने त्याला हाताला धरून बर्फाच्या खोक्यांमागे नेले.

"काय रे हिरो, दिसत न्हाईस तो? टीवीत दिसतो, घरात न्हाय."

"आयेला काय झालंय, मावशी?"

"मना विचारतंस? तुजी आय बाजारात तोंड उघडत न्हाय आता. पाटी आनलीय. पापलेट येवड्याला, सुरमई येवड्याला, खडूनं लिवून ठेवते. गिऱ्हाईक घासाघीस कराया लागलं, का ही पाटीवर बोट ठेवते. अरे, मासं काय दवाखान्यातलं अवषद हाय?"

"पण का?"

"का म्हंजे? तोंड उघडलं का हसतात. परवा एक बाई आली, मोबाईल काढला. 'मावशी, ते बोला ना टीव्हीतलं, मी रेकॉर्ड करते.' तुजी आय म्हनली, 'ताई, आपणास कोणता मासा हवा आहे?' मना तं रडाया आलं. तीस वरसं हिच्या शिव्या आयकत मी मासं इकलं."

मेल्विनने खोक्यांच्या फटीतून पाहिले. आई ताठ बसली होती. पुढ्यात पाटी होती, मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी घेतात तसली, लाकडी चौकटीची.

आशाबाईला माहीत नव्हते, बाजाराला माहीत नव्हते आणि रविवारी आठ वाजता हसणाऱ्या कोणालाच माहीत असण्याचे कारण नव्हते, ते असे, की ते वाक्य मासे विकतानाचे नव्हतेच.

१९८९ साली मेल्विनचा बाप मोझेस याची होडी वादळात सापडली आणि चार दिवस परतली नाही. घरात बायका जमल्या, जपमाळ सुरू झाली. तेरेझा त्या बायकांत बसली नाही. ती किनाऱ्यावर जाऊन वादळाआधीच्या बोंबलांच्या जोड्या लावत राहिली आणि बारा वर्षांचा मेल्विन तिच्याबरोबर राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "आये, बाबा हाय का?" तिने समुद्राकडे पाहिले नाही, त्याच्याकडेही नाही. "हाय तं हाय," ती म्हणाली. "न्हाय तं न्हाय. तू हात चालव." चौथ्या दिवशी मोझेस उत्तरेकडच्या सातपाटी बंदरावरून ट्रकमध्ये बसून घरी आला आणि भात मागितला. त्या वाक्याविषयी मायलेक पुन्हा कधीही बोलले नाहीत. मोझेसला ते ठाऊकच नव्हते. तो आता जाळी विणतो, रविवारी आठला टीव्हीपुढे बसतो, आणि बायकोने मीठ जास्त घातले की टाळी वाजवून म्हणतो, "हाय तं हाय, न्हाय तं न्हाय!"

मेल्विनने ते वाक्य चोरले असे म्हणणे सोपे आहे. पण चोराला वस्तूची किंमत माहीत असते. पहिल्यांदा लुगडे नेसले त्या संध्याकाळी मंचावर शेवटच्या ओळीची जागा रिकामी होती आणि त्याच्याजवळचे सर्वांत खरे वाक्य आपोआप बाहेर आले. लोक हसले. ते कशाला हसले हे त्याने स्वतःला विचारले नाही. यश मिळालेला माणूस सहसा तो प्रश्न विचारत नाही.

अंतिम फेरी दहा दिवसांवर आली होती. स्पर्धकांच्या घरच्यांना बोलावण्याची पद्धत होती, आणि महिनाभरापूर्वी स्वप्नीलच्या सांगण्यावरून मेल्विनने स्वतःच एक प्रसंग लिहून दिला होता: निवेदिका इशिता आईपुढे माईक धरते, आई तेच वाक्य म्हणते, टाळ्या. बाजारातून तो थेट स्वप्नीलकडे गेला.

"तो भाग काढ."

"कुठला? आईचा? वेडा झालास का? प्रोमो चाललाय चार दिवस! 'भेटा खऱ्या मावशीला.' आता मी चॅनलला काय सांगू, मावशीचा घसा बसलाय?"

"ती नाही म्हणणार ते."

"म्हणेल रे. सगळ्या आया म्हणतात. मुलासाठी म्हणतात."

हे मात्र खरे होते, आणि त्याचीच मेल्विनला भीती वाटली. आईने यायलाच नको म्हणून तो उत्तनला गेला. मोझेसने नवा शर्ट शिवायला टाकला होता. तेरेझाने मुलाचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आम्ही येणार. तुझ्या कार्याला आमची उपस्थिती आवश्यक आहे."

चित्रीकरण घोडबंदरच्या बाजूला, एका जुन्या गोदामात उभारलेल्या सेटवर दुपारी झाले. तेरेझा पहिल्या रांगेत होती: लाल चौकडीचे लुगडे, केसांत फूल, कानांत जड सोने. मेल्विन मंचावर तिच्याच वेशात उभा होता, टोपली डोक्यावर. निम्मे विनोद होऊन गेले होते; लोक खुशीत होते. मग दिवे पहिल्या रांगेवर वळले.

"आणि आता," इशिता म्हणाली, "खरी मावशी! मावशी, काय वाटतंय मुलाला बघून?"

तेरेझा उभी राहिली. तिने पाठ केले होते. "माझ्या मुलाने कष्टाने हे यश मिळवले आहे. आपण सर्वांनी त्याला आशीर्वाद द्यावा, ही नम्र विनंती."

टाळ्या पडल्या, पण पातळ. लोकांना हे नको होते.

"मावशी, हे तर न्यूज वाचल्यासारखं झालं!" इशिता हसली. "ते वाक्य म्हणा ना! आपलं फेमस वाक्य!"

"बोल की बाय!" मोझेसने कौतुकाने कोपर मारले. "लाजतंस काय?"

मागच्या रांगांतून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. हाय तं हाय. हाय तं हाय. तेरेझाने मंचाकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता, विचारणा होती: तुझे काम यावर अडले आहे का? अडले असेल तर म्हणते. तिने माईक हातात घेतला आणि ओठ उघडले.

मेल्विनने टोपली खाली ठेवली, मंचावरून उतरला आणि माईकवर हात ठेवला.

"आये, नको बोलूस."

लोक हसले. लुगड्यातला मुलगा खऱ्या आईचे तोंड बंद करतो, हे त्यांना फारच आवडले.

"ह्ये वाक्य हिचं हाय," तो म्हणाला. "मी इचारल्याबिगर घेतलं. चूक झाली."

लोक आणखी हसले. त्याला कळेना आता काय करावे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हशा नको होता, आणि तो थांबवण्याची कोणतीच युक्ती त्याला येत नव्हती. तो धंदाच उलटा होता. शेवटी त्याने आईचा हात धरला आणि तिच्यासह, मागोमाग गोंधळलेल्या मोझेससह, केबलींवरून वाट काढत गोदामाबाहेर आला. मागून स्वप्नीलचा आवाज आला, "कट! कट! अरे, हे भारी आहे, पण वाक्य कुठाय?"

बाहेर रणरणते ऊन होते. घोडबंदर रस्त्यावर ट्रक धडधडत होते. ते तिघे बसथांब्यावर उभे राहिले. लुगड्यातला मेल्विन मध्ये. त्याने आईकडे पाहायचे धाडस केले नाही. आता ती आपल्याला क्षमा केल्याचे कुठल्या तरी स्तोत्रातल्या शब्दांत सांगेल, असे त्याला वाटत होते.

"टोपली कंय हाय?" तेरेझा म्हणाली.

"काय?"

"टोपली, टोपली! कंय टाकलीस? भरल्या बाजारातून अर्धी टोपली टाकून कुनी उठून येते? लोकं बसलेली, माल बाकी, आन् ह्यो चालला आयशीचा हात धरून! तुज्या बापानं कवा जाळं पान्यात सोडून होडी फिरवली? मुडद्या, तीस वरसाचा झालास, काम कसं पुरं करतात ता कलत न्हाय तुला?"

शिव्या ऐकत मेल्विनने आता आईकडे वळून पाहिले.

"मी बोलनार होते," ती म्हणाली. "तुज्यासाटी बोलनार होते."

"म्हनूनच."

तिने पदराने तोंड पुसले, रागाने, घाम पुसतात तसे.

"पन मना कलत न्हाय," मोझेस म्हणाला. तो मघापासून नव्या शर्टाच्या गुंड्या चाचपत होता. "त्या वाक्यात येवडं हाय तरी काय?"

बस आली. मेल्विनने हात केला नाही. ती गेली.

"तू सातपाटीला लागलास, तवाचं हाय ता," तेरेझा म्हणाली.

"वादळाच्या वक्ताचं?"

"मंग? चार दिस. ह्यो पोरगा इचारीत होता, बाबा हाय का म्हनून. काय सांगू त्याला? मना काय म्हाईत?"

मोझेसचा हात गुंडीवर थांबला. अठरा वर्षे त्याने त्या चार दिवसांची गोष्ट सांगितली होती, लाटांची, फुटलेल्या वल्ह्याची, ट्रकवाल्याची. किनाऱ्यावरही ते चार दिवस झाले होते हे त्याच्या लक्षात आले नव्हते. आणि रविवारी, जेवताना, मिठावरून, तो टाळी वाजवून...

"मना सांगितलं न्हायस कवा," तो हळू म्हणाला.

"भात मागितलास तू. भात वाडू का गोष्टी सांगू?"

मग ती मेल्विनकडे वळली. "आन् तू. हात वर कर. लुगडं असं नेसतात? पाच महिने मी टीवीत बगते, काष्टा सुटाया आलेला, जीव वरखाली होते माजा." तिने तिथेच, भर रस्त्यावर, त्याच्या कंबरेचे लुगडे सैल केले आणि पुन्हा आवळायला घेतले. ट्रकवाले भोंगे वाजवत जात होते. ती ओढत होती, खोचत होती आणि बोलत होती: पहिल्या दिवशी वारा कुठून होता, दुसऱ्या दिवशी सासू काय म्हणाली, शेजारची कुठली बाई रडायला आली आणि मासे घेऊन गेली. मोझेस जवळ सरकून ऐकत होता. मेल्विन हात वर करून उभा होता. त्यातला एकही शब्द त्याने मंचासाठी मनात टिपून ठेवला नाही.