सुतारकाकूंनी भरलेली डबी

मी थुंकीची डबी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा बापडे, मला सवय आहे. जन्मले तेव्हा मीही चारचौघींसारखीच होते, पारदर्शक, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. माझ्या काही बहिणींच्या नशिबी मध आला, मला मात्र दवाखान्याची प्रयोगशाळा मिळाली. तेव्हा मी फार कुरकुर केली. आता ते सगळे शब्द परत घेते.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी माझ्या अंगावर सुतारकाकांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. झाकणावर नाही हं, अंगावरच. झाकणं एकीची दुसरीला बसतात आणि मग कुणाचा आजार कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नाही, असं त्या नेहमी म्हणत.

काकांचा खोकला काही केल्या जात नव्हता. एक डबी त्यांनी तिथेच, मागच्या मोकळ्या जागेत भरून दिली. मी होते दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. ताईंनी बजावलं होतं, लाळ चालणार नाही, खोल श्वास घेऊन छातीतला कफ काढायचा.

सकाळी काकांनी जंग जंग पछाडलं, पण लाळेपलीकडे काही येईना. वैतागून मला मोरीच्या कठड्यावर ठेवलं आणि गेले कामावर. काकू पदर तोंडात धरून खोकत होत्या. त्या रोजच तशा खोकत, कुणाची झोपमोड नको म्हणून. रिकामी डबी पाहून त्यांना वाटलं, आता पुन्हा खेप, पुन्हा ह्यांचा खाडा. त्यांनी मला उचललं, खोल श्वास घेतला, भरून टाकलं आणि दवाखान्यात पोचवलं.

अहो, मला एवढं मोठं तोंड, पण बोलायची सोय नाही! अंगावर काकांचं नाव, पोटात काकूंचा कफ. जीव नुसता कासावीस झाला माझा. आता गोळ्या काकांना सुरू होणार आणि ही बाई पदरात खोकत खोकत संपून जाणार, हे मला दिसत होतं.

ताईंनी माझ्यातला थोडा कफ काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्यावर बारीक लाल काड्या, क्षयाचे जंतू, भरपूर. पहिल्या डबीत मात्र एकही नव्हता. एकाच माणसाच्या दोन डब्यांत असं होऊ शकतं. दुसरं कुणी असतं तर कागद पुढे सरकवून मोकळं झालं असतं. ताईंनी दोघांना बोलावून घेतलं आणि सहज विचारलं, सकाळी कफ काढताना त्रास झाला का?

काका म्हणाले, "मला कुठे आला कफ? मी तर डबी रिकामीच ठेवली होती."

काकू हसल्याच. "मग काय झालं? मी दिला भरून. नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?"

ताई हसल्या नाहीत. काकूंना खुर्ची देऊन त्यांनी हळूच विचारलं, हा खोकला कधीपासून आहे. काकू म्हणाल्या, तो थोडाच खोकला आहे, ती सवय आहे.

मग काकूंच्या नावाच्या नव्या डब्या आल्या आणि त्यांतही तेच निघालं. काकांची पुन्हा तपासणी झाली, ते स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुमचा खोकला लाकडाच्या भुशाचा, काम करताना तोंडाला फडकं बांधा. काकूंना मात्र औषध वेळेवर सुरू झालं, नीट घेतलं तर खडखडीत बऱ्या होतील.

काका काकूंकडे वळून म्हणाले, "माझ्या खोकल्यानं घर डोक्यावर घेतलं. तुझा मला ऐकूच कसा आला नाही गं?"

आता मी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात जायच्या रांगेत आहे. तिथून कुणी परत येत नाही. पण रडगाणं नाही माझं. अंगावर चिठ्ठी लावणाऱ्या, एक प्रश्न जास्तीचा विचारणाऱ्या ताईंचे उपकार आहेत माझ्यावर, नाहीतर खोटं बोललेली डबी म्हणून मेले असते. काकूंचेही आहेत. जिला लोक हात लावायला कचरतात, तिच्यावर त्यांनी आपल्या माणसासाठी जीव ओतला. तुम्ही एवढंच करा, घरात जो सगळ्यांचं औषध आणतो, त्यालाही कधी विचारा, तुला बरं आहे ना?

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना दारापाशी काकूंना ढास लागली. सवयीनं पदर तोंडाकडे गेला आणि आवाज आत दाबला. काकांनी खिशातून धुतलेला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"दाबू नकोस. खोक," ते म्हणाले, "मी ऐकतोय."