हमदुल्लाची येझदी

कुवेतची नोकरी संपवून हमदुल्ला मुरुडला परतला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने घरामागच्या खोपटातली येझदी मोटरसायकल बाहेर ओढली. कॉलेजात असताना तिला खोल खाचांचे टायर बसवून तो टेकड्यांवरच्या शर्यतींत उतरायचा. आता टाकी गंजली होती आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता.

पावसाळाभर पडवीत रॉकेलचा वास राहिला. कार्बोरेटर धुवायला त्याने बिर्याणीचं पातेलं नेलं, तेव्हा बायको तैयबा भडकली.

"घरी आलात की गॅरेज उघडलंत?"

नवे टायर बसले, गाडी चकाकली. पण किक मारताना त्याचा गुडघा साथ देईना. घामाघूम होऊन तो ओट्यावर बसला.

"वय झालं, तैयबा. विकून टाकू."

"सरका बाजूला."

तो कुवेतला असताना बाजार, दवाखाना, पोरींची शाळा, सगळं तिने स्कूटरवरच निभावलं होतं. ओढणी खोचून तिने दणकून किक मारली. येझदी धडधडली, अंगण धुराने भरलं, कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

हमदुल्ला उडी मारून उठला, पण तैयबा सीटवर बसून घेत म्हणाली, "मी चालवते. तुम्ही मागे बसून गिअर सांगा."

ओहोटीच्या टणक वाळूवर गाडी दोनदा बंद पडली. मग जी सुटली, ती थेट किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. जाळी सुकवणारे कोळी हातातलं काम टाकून बघत राहिले.

"हळू, अगं हळू!" हमदुल्ला मागून ओरडत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.