गहू गार होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी धान्याची कोठी आहे. पत्र्याची, पोटाने मोठी आणि स्वभावाने जरा मानी.

शहरातल्या पाणीगेट भागातल्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. झाकण असे बसवले की मुंगीलाही वाट सापडू नये. रेल्वेत नोकरी करणारे विश्वंभरराव मला हातगाडीवरून कारेलीबागेतल्या घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मंदाताईंनी मला हळदकुंकू लावले आणि मी त्यांचीच झाले.

चैत्रात माझी ऐट बघावी! वर्षाचे गहू यायचे. मंदाताई मला घासून गच्चीवर कडक उन्हात ठेवायच्या. गहूही तिथेच वाळायचे. मग खाली आणलेल्या राशीत त्या कोपरापर्यंत हात खुपसून थोडा वेळ गप्प बसायच्या. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर तळहातावर दिवेल, म्हणजे एरंडेल, घेऊन मूठ मूठ गहू चोळायच्या आणि कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह माझ्यात भरायच्या. पावसाळा सरला तरी टोके, म्हणजे धान्यातले किडे, माझ्याकडे फिरकत नसत. शेजारणी युक्ती विचारायच्या. ताई हसून म्हणायच्या, हाताचा गुण आहे.

तीन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात मंदाताईंच्या उजव्या अंगावरून वारे गेले. त्या दवाखान्यात होत्या, म्हणून सूनबाई दीप्तीने शाळेतून रजा काढून सगळे केले. दिवेल लावले, पालाही घातला. पण गच्चीवरून आणलेले गहू तिने गरमागरम भरले आणि झाकण लावून टाकले. माझ्या पोटात घाम सुटला. आषाढात झाकण उघडले तर गव्हात टोकेच टोके. दीप्ती रडली. कोठीच खराब झाली असे सगळ्यांनी ठरवले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

मग मला गॅलरीत टाकून माझ्यात जुनी खोकी कोंबली गेली आणि त्यांच्या आडोशाला झुरळे नांदू लागली. मला लाज वाटायची. चैत्राचे ऊन पत्र्यावर पडले की ताईंच्या हाताची इतकी आठवण यायची की जीव कासावीस व्हायचा.

यंदा दीप्तीने भंगारवाल्याला बोलावले. तो मला उचलणार, तोच खुर्चीतल्या मंदाताई अडखळत म्हणाल्या, "दीप्ती, कोठी चांगली आहे. गहू गार करून भरायचे असतात."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, आई?"

"सगळं सांगून टाकलं तर मला कोण विचारणार, असं वाटायचं गं."

दीप्ती दाराकडे वळून भंगारवाल्याला गुजरातीत म्हणाली, "भाई, रहेवा दो." म्हणजे, राहू द्या.

आठवड्याने गहू आले. खोकी गेली, झुरळे गेली, मी घासूनपुसून उन्हात वाळले. गच्चीवरचे गहू हॉलमध्ये पसरले. दीप्तीने ताईंची खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा डावा हात राशीत ठेवला.

"अजून गरम आहेत. थांब," ताई म्हणाल्या.

दोघी थांबल्या. मीही थांबले. मित्रांनो, उन्हाळ्याआधी आपापले डबे घासा, वाळवा, अडगळ साठू देऊ नका. आणि घरातल्या जाणत्या हातांना वेळेवर विचारा. त्यांनाही कोणीतरी विचारावे असे फार वाटत असते.

संध्याकाळी गहू गार झाले. दीप्तीने ताईंच्या डाव्या तळहातावर दिवेल ओतले. पहिली मूठ माझ्या तळाशी पडली. मला सवय उजव्या हाताची होती, पण वास तोच होता.