सही न करणाऱ्या जाऊबाई

आम्ही दोघी सख्ख्या जावा, आणि दोघी एकाच सरकारी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला. घरात आमचं फारसं पटायचं नाही. मी डब्यांची झाकणं कुठेही टाकते हा त्यांचा राग, आणि त्या माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसतात हा माझा. पण त्या वर्षी जे झालं ते मी सांगितलं नाही, तर कोणी सांगणार नाही. त्या स्वतः तर नाहीच.

आमच्याकडे धुतलेल्या चादरी तापलेल्या रोलरमधून काढतात. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. हात आत जायला लागला की दांडीला धक्का बसतो आणि मशीन थांबतं. ती दांडी मोडली. जाऊबाईंनी दोनदा अर्ज दिला. तिसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईचा, जिला आम्ही मावशी म्हणायचो, उजवा हात मनगटापर्यंत आत गेला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच, दांडी तशीच. पाळी संपल्यावर आम्ही अकरा जणी फाटकाबाहेर उभ्या राहिलो. एका जुन्या चादरीवर जाऊबाईंनी लिहिलं होतं, ‘आधी दांडी बसवा’. घोषणा नाहीत, काही नाही. अर्ध्या तासात पोलिसांची गाडी आली.

नवा कायदा लागू होऊन दोनच महिने झाले होते. पाच किंवा जास्त माणसांनी सरकारी इमारतीसमोर मागणी घेऊन उभं राहायचं, तर पंधरा दिवस आधी परवानगी. आम्हाला वाटायचं, हे मोठ्या मोर्चांसाठी असेल, आपला काय संबंध.

चौकीत अधिकाऱ्याने अकरा हमीपत्रं पुढे ठेवली. परवानगीशिवाय पुन्हा उभी राहणार नाही, असं लिहून द्यायचं आणि घरी जायचं. मी सही केली. लपवत नाही, घाबरले होते. मला धरून दहा जणींनी केली. जाऊबाईंनी कागद दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही परत दिलं.

“तू जा गं,” मला म्हणाल्या. “पोरांचं बघ. माझ्या दोघांनाही जेवायला वाढ.”

कोर्टात न्यायाधीश तसे समजुतीने बोलले. “बाई, एक सही केलीत तर आत्ता सुटाल.”

“साहेब, परवानगीला पंधरा दिवस लागतात. रोलर हात ओढायला पंधरा दिवस थांबत नाही.”

सरकारी वकील म्हणाले, रहदारीला अडथळा झाला.

“त्या फाटकाशी रस्ता संपतो, पुढे भिंत आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “तिथून एकच गाडी जाते, चादरींची. ती आम्हीच भरतो.”

लोक हसले. पण कायदा स्पष्ट होता. बारा दिवसांची कैद झाली.

घरी भाऊजी, जाऊबाईंचे यजमान, सकाळी मुलीची वेणी घालत बसले. भांग तीनदा वाकडा गेला, तरी पोरीने हूं की चूं केलं नाही. ते बघून मला राहवेना. सहाव्या दिवशी मी चौकीत गेले.

“मला माझी सही परत हवी,” मी म्हटलं.

“ती काय उसनी वाटी आहे, परत न्यायला?” अधिकारी म्हणाला.

“मग लिहून घ्या, ती हमी मी आज मोडणार आहे.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “विचार करून बोला.”

“सहा दिवस तेच केलं.”

त्या संध्याकाळी फाटकाबाहेर आम्ही आठ जणी होतो. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या, स्वयंपाकघरातली माणसं आली, गळ्यातला स्टेथोस्कोप न काढता दोन डॉक्टर येऊन उभे राहिले. पोलिसांची गाडी आली, अधिकाऱ्याने माणसं मोजायला घेतली आणि साठानंतर नाद सोडला. दहाव्या दिवशी कोणताही गाजावाजा न करता दांडी बसली.

जाऊबाई सुटून आल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या. मी सहीचं काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, “घाबरणं हा काही गुन्हा नाही. त्यांचा कायदा त्याच्यावरच चालतो, एवढंच.” आणि स्वयंपाकघरात जाऊन झाकणं शोधू लागल्या.

एका नर्सची बहीण वकील होती. तिने जाऊबाईंच्या नावाने वरच्या कोर्टात त्या कलमाविरुद्ध दाद मागितली. आठ महिने तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला जाऊबाई रजा टाकून जायच्या, आणि आमच्या विभागाच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं तरी मुकाट्याने रजेचा अर्ज पुढे सरकवायच्या.

निकालाचा फोन आला तेव्हा आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. मावशीही होत्या. त्यांची बोटं पुरती सरळ झाली नाहीत, पण डाव्या हाताने त्या छान घडी घालतात. जाऊबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि वकीलबाईंना म्हणाल्या, “जिंकलो, हरलो, नका सांगू. सगळं वाचा.”

पंधरा दिवसांची अट रद्द झाली होती. शांतपणे उभं राहून आपलं म्हणणं मांडणं हा हक्क आहे, तो कोणी परवानगी म्हणून द्यायचा नसतो, असं न्यायालयाने लिहिलं होतं. मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

“तेवढं वाक्य परत वाचा,” जाऊबाई म्हणाल्या, आणि हातातली चादर तशीच धरून ऐकत राहिल्या.